मातीतली बुरशी 'नवी' कधी ठरते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकातल्या लेखात आम्ही म्हटलं होतं की बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि प्रत्यक्षात त्या वीस-पंचवीस लाखांच्या घरात असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच: मग आमच्या शेतात एखादी नवी का नसावी? असेलही. पण बुरशी सापडणं वेगळं आणि ती नवी ठरणं वेगळं. मधली वाट लांब आहे आणि बरेच जण अर्ध्यावरच गुलाल उधळतात. सारखे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : केळीच्या बागेत ठिबकच्या नळीलगत, कुजलेल्या पानांखाली मातीवर पांढरी कापसासारखी जाळी पसरली आहे. अशी बुरशी आमच्याकडे पूर्वी कुणी पाहिलेली नाही. ही नवी जात असेल का? माती कुठे पाठवू? – एक शेतकरी, रावेर तालुका

जाळी पाहून काहीही सांगता येत नाही. ते बुरशीचे तंतू आहेत आणि शेकडो वेगवेगळ्या जातींचे तंतू डोळ्यांना असेच पांढरे दिसतात. ठिबकखाली कायम ओल आणि वर पानांचं आच्छादन असेल, तर कुजवणाऱ्या बुरशा तिथे येणारच. त्या पाचट-पानांचं खत करतात, त्यांना राहू द्या. शेणखताच्या ढिगात आत जी राखेसारखी पांढरी भुकटी दिसते ती तर बहुधा बुरशीही नसते. ते अॅक्टिनोमायसिट म्हणजे तंतूंसारखे वाढणारे जिवाणू. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो मुख्यतः त्यांचाच.

नवी की जुनी हे बाजूला ठेवून आधी झाड बघा. खालची पानं कडेने पिवळी पडून देठाशी मोडताहेत, खोडाभोवती लोंबताहेत, खोड जमिनीलगत उभं फाटतंय, आणि कंद आडवा कापला तर आत तांबूस-तपकिरी ठिपके दिसताहेत, असं असेल तर तो मर रोग समजा. त्याची बुरशी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. तिथे बुरशीला नाव देण्याची हौस नको. त्या झाडाचे मुनवे लावणीला घेऊ नका, त्या भागातलं पाणी आणि माती दुसऱ्या बागेत जाऊ देऊ नका, आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा. माती पोत्यात भरून आपल्या मनाने कुणाला पाठवणं तर अजिबात नको, कारण हा रोग मातीबरोबरच फिरतो.

झाडं ठणठणीत असतील आणि एखाद्या महाविद्यालयाला नमुना द्यायचाच असेल, तर असा घ्या. खुरपी स्पिरिटने पुसून ज्योतीवर धरा. वरचा दोन सेंटिमीटरचा थर बाजूला सारून ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या. बागेत पाच ठिकाणची मिसळून पाव किलो पुरे. नव्या प्लास्टिक पिशवीत भरा आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण पेनची शाई ओलीने पसरते. चिठ्ठीवर तारीख, गाव, गट क्रमांक किंवा मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, पीक, आणि शेवटचं बुरशीनाशक कधी सोडलं ते हवं. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. महिन्याभरापूर्वी कार्बेन्डाझिमची आळवणी झाली असेल, तर त्या मातीतून जे उगवेल ते त्या जमिनीचं खरं चित्र नसेल.

पिशवी उन्हात ठेवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांना जातो आणि बंद गाडीत त्याहून वर. नाजूक बुरशा त्यात मरतात, उष्णता सोसणाऱ्या अॅस्परजिलससारख्या उरतात. मग प्रयोगशाळेत काळी-हिरवी बुरशीच निघते आणि अहवाल येतो की या मातीत दुसरं काही नाही. नमुना सावलीत न्या, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवा, तोवर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी काळ्या मातीतल्या बुरशा वेगळ्या करतो आहोत. प्रत्येक प्लेटवर अॅस्परजिलस नायगर आणि रायझोपस, बस. रायझोपस तर दोन दिवसांत सगळी प्लेट व्यापतो. दुर्मीळ बुरशा कशा मिळतील? – विद्यार्थी, धुळे

तुमची पद्धतच या दोघांना निवडते आहे. मातीचं पाणी करून प्लेटवर ओतलं की ज्याचे बीजाणू जास्त तो जिंकतो. अॅस्परजिलस लाखोंनी बीजाणू देतो. मातीत नुसत्या तंतूंच्या रूपात राहणारी बुरशी या शर्यतीत कुठेच नसते. म्हणून एकाच मातीवर दोन-तीन पद्धती लावा.

पहिली नेहमीचीच, पण नीट केलेली. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घाला. खान्देशची काळी माती चिकण असते आणि वाळली की खड्यासारखी होते. पाच मिनिटं हलवून ती सुटत नाही आणि बीजाणू ढेकळातच अडकून राहतात. २० ते ३० मिनिटं शेकरवर ठेवा. साध्या पाण्याऐवजी ०.१ टक्का अगार (माध्यम जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ) घातलेलं पाणी घेतलं तर बीजाणू तळाशी बसत नाहीत, तरंगत राहतात. पुढे दर वेळी १ मिलिलिटर ९ मिलिलिटरमध्ये, नवी पिपेट घेऊन. हजारपट आणि दहा हजारपट पातळ केलेल्या नळ्यांतून १-१ मिलिलिटर, प्रत्येकी तीन प्लेट. एका प्लेटवर पंधरा-वीस ते पन्नास कॉलनी आल्या तर पातळी बरोबर. शंभर आल्या तर त्या एकमेकींना दाबतात आणि मोजायच्या लायकीच्या राहत नाहीत.

माध्यम बदला. नुसत्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर रायझोपस मोकाट सुटतो. रोज बेंगाल अगार वापरा. एक लिटरला डेक्स्ट्रोज १० ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, अगार २० ग्रॅम आणि रोज बेंगाल ३३ मिलिग्रॅम. १५ पौंड दाबावर, १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. जिवाणू रोखायला स्ट्रेप्टोमायसिन ३० मिलिग्रॅम, पण ते ऑटोक्लेव्हनंतर, माध्यम ४५ ते ५० अंशांवर आल्यावर. उकळत्या माध्यमात टाकलं तर औषध वाया जातं. माध्यम फार गार झालं तर प्लेटमध्ये गुठळ्या पडतात आणि कॉलनी एकसारख्या पसरत नाहीत. रोज बेंगाल रंगाच्या प्लेट अंधारात ठेवा. उजेडात त्या रंगापासून बुरशीला मारक पदार्थ बनतात, आणि खिडकीजवळ ठेवलेल्या प्लेटवर काहीच का येत नाही म्हणून मुलं डोकं धरून बसतात.

दुसरी पद्धत वॉरकप या अभ्यासकाची, १९५० सालची. आजही तितकीच कामाची आणि फुकटातली. ५ ते १५ मिलिग्रॅम माती, म्हणजे नीडलच्या टोकावर मावेल तेवढी, रिकाम्या प्लेटमध्ये एका थेंब पाण्यात फोडायची आणि वर कोमट माध्यम ओतून प्लेट हलकेच फिरवायची. मातीचे कण अगारमध्ये बुडतात, तंतूंचे तुकडेही वाढतात. पातळ करताना जे सुटून जातं ते इथे हाती लागतं.

तिसरी, माती आधी भाजायची किंवा दारू पाजायची. मातीचं पाणी ८० अंशांना ३० मिनिटं ठेवलं किंवा ६० टक्के अल्कोहोलमध्ये पाच-आठ मिनिटं भिजवलं की साधे बीजाणू मरतात. जाड कवचाचे अॅस्कोबीजाणू वाचतात, किंबहुना काही जातींचे त्याच धक्क्याने उगवतात. टॅलॅरोमायसिससारख्या बुरशा अशा निघतात. नव्या जातीच्या आशेने माती तपासणाऱ्याने ही पद्धत सोडू नये असं आमचं ठाम मत आहे.

एक गोष्ट खान्देशासाठी खास. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारचा सामू साधारण ५.६ असतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा आठच्या आसपास, तापीकाठच्या चोपण जमिनीचा त्याहूनही वर. आयुष्यभर आठ सामूत राहिलेल्या बुरशीला आपण आंबट पाटावर बसवतो आणि ती उगवली नाही म्हणतो. निदान दोन प्लेट ८ ते ९ सामूच्या ठेवा. आणि चोपण पट्टे, वारुळाची माती, सातपुड्यातल्या सागाच्या पानकुजीखालचा थर, नदीकाठचा गाळ अशा जागा निवडा. वर्षाला तीन पिकं घेतलेल्या आणि दर हंगामाला बुरशीनाशक प्यायलेल्या शेतापेक्षा तिथे आशा जास्त.

प्लेट तिसऱ्या दिवशी फेकून देऊ नका, ही सर्वांत स्वस्त सूचना. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी बघा. दहाव्या दिवशी दोन मोठ्या कॉलनींच्या फटीत जो टाचणीच्या डोक्याएवढा करडा ठिपका उठतो, तो काचेच्या मागून मार्करने घेरून लगेच वेगळा करा. ओळखीच्या बुरशा सहसा लवकर येतात, अनोळखी उशिरा.

वेगळी केलेली कॉलनी शुद्ध आहे असं धरून चालू नका. २ टक्के साध्या पाण्याच्या अगारवर बीजाणूंचं पातळ पाणी पसरा. बारा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकाच्या कमी ताकदीवर बघून कोंब फुटलेला एकच बीजाणू त्याच्या अगारच्या तुकड्यासकट कापून नव्या प्लेटवर ठेवा. एका बीजाणूपासून वाढवलेलं कल्चर नसेल तर पुढचं सगळं मोजमाप आणि डीएनए दोन बुरशांचं मिश्रण ठरू शकतं.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एका बुरशीचा आयटीएस क्रम काढला. ब्लास्टमध्ये (क्रम ताडून बघण्याच्या संगणकीय साधनात) ९७ टक्के जुळतो, म्हणजे ३ टक्के वेगळा. नवी जात म्हणून जाहीर करायला हरकत नाही ना? – प्राध्यापक, चोपडा

हरकत आहे, आणि बरीच. २०१२ मध्ये आयटीएसला बुरशीचा अधिकृत बारकोड मानलं गेलं, त्यानंतर ही चूक गावोगाव होते आहे. आयटीएस म्हणजे डीएनएचा साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा तुकडा. बुरशी कुठल्या घराण्यातली हे तो चांगलं सांगतो, घरातली नेमकी कोण हे पुष्कळदा सांगत नाही. अॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा, फ्युजॅरियम या मातीतल्या चारही मोठ्या गटांत दोन वेगळ्या जातींचा आयटीएस तंतोतंत सारखा असू शकतो. उलट ९७ टक्के येण्याचं कारण नवी जात नसून खराब क्रम असणंही अगदी नेहमीचं.

आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे क्रम वाचणाऱ्या यंत्राने काढलेला आलेख, उघडा. दोन्ही टोकांची वीस-तीस अक्षरं बहुधा गिचमीड असतात, ती कापली का? दोन शिखरं एकावर एक दिसत असतील तर कल्चर मिश्र आहे. पुढे बघा की जुळणी किती लांबीवर आहे. ६०० पैकी १८० अक्षरांवर ९७ टक्के याला काही अर्थ नाही. आणि जुळणी कोणाशी आहे? जीनबँकेत, म्हणजे क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात, कुणीही नाव लिहून क्रम टाकू शकतो आणि चुकीच्या नावाचे क्रम तिथे भरपूर आहेत. तुलना टाइप नमुन्याच्या क्रमाशीच करा, म्हणजे ज्या नमुन्यावर त्या जातीचं नाव उभं आहे त्याच्याशी.

नंतर दुसरे जीन. अॅस्परजिलसला कॅलमोड्युलिन, पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन, ट्रायकोडर्मा आणि फ्युजॅरियमला टेफ-१ आणि आरपीबी-२. ट्रायकोडर्मासाठी २०२१ पासून एक ढोबळ मोजपट्टी आहे: ज्ञात जातीच्या टाइपशी आरपीबी-२ निदान ९९ टक्के आणि टेफ-१ निदान ९७ टक्के जुळला तर ती तीच जात धरायची. यातला एकही निकष चुकला तर पुढे तपासायचं. तपासायचं म्हणजे काय, तर त्या जीनसमधल्या (जातींच्या गटातल्या) जवळच्या सगळ्या जातींच्या टाइपचे क्रम घेऊन प्रत्येक जीनचा वेगळा वंशवृक्ष काढायचा. तुमची बुरशी किमान दोन जीनच्या वृक्षांत स्वतंत्र फांदीवर बसली आणि दुसऱ्या वृक्षांनी त्याला छेद दिला नाही, तर दावा उभा राहतो. फांदीला बूटस्ट्रॅप (फांदी किती पक्की हे सांगणारा आकडा) ७० च्या खाली असेल तर तिच्यावर बसू नका. एकाच जीनमध्ये वेगळी दिसणारी बुरशी ही एकाच जातीतला नुसता फरक असू शकते.

पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) लागतच नसेल तर आधी डीएनए दहापट पातळ करून बघा. मातीतून थेट काढलेल्या डीएनएत ह्युमिक आम्ल येतं आणि एन्झाइमचं काम अडवतं. कल्चरमधून काढताना ते नसतं, पण जुन्या काळपट कॉलनीतले रंगद्रव्य आणि शर्करा तोच त्रास देतात. म्हणून तंतू तीन ते पाच दिवसांचे, तरुण घ्यावेत.

प्रश्न : वर्णन म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं? 'हिरवी, मऊ, गोल' एवढं लिहून संशोधनपत्र परत आलं. – संशोधक विद्यार्थिनी, जळगाव

परत येणारच. वर्णन असं हवं की दुसऱ्या देशातल्या माणसाने तीच बुरशी तशीच वाढवली तर त्याला तेच दिसलं पाहिजे. म्हणून परिस्थिती आधी, रूप नंतर: माध्यम कोणतं, तापमान किती, अंधार की उजेड, कितवा दिवस. तीन माध्यमांवर, २५ अंशांना, सातव्या दिवशी कॉलनीचा व्यास मिलिमीटरमध्ये, दोन आडव्या-उभ्या मोजण्यांची सरासरी. ३७ अंशांनाही एक संच ठेवा. जवळच्या दोन जातींपैकी एक ३७ ला वाढते आणि दुसरी अजिबात नाही, असं बऱ्याचदा निघतं आणि तो फरक लिहायला सोपा असतो.

ट्रायकोडर्माचं उदाहरण घेऊ. दुसऱ्या दिवशी कॉलनी पांढरी, विरळ, पारदर्शक. चौथ्या-पाचव्या दिवशी मधून बाहेर हिरव्या कड्या उमटतात, काही जातींत कडा पिवळी राहते, काही जातींत अगारमध्ये पिवळा रंग झिरपतो. झाकण जरा उचललं तर काही जातींना ओल्या नारळासारखा वास येतो. तेवढ्याच कारणाने नाक प्लेटमध्ये घालू नका, बीजाणू फुप्फुसात जातात. हा सगळा तपशील वर्णनात येतो. रंग लिहिताना 'पोपटी' किंवा 'गवती' चालत नाही. छापील रंगतक्त्याशी ताडून त्यातला क्रमांक लिहायचा आणि तोही दिवसाच्या उजेडात बघून, ट्यूबलाइटखाली नाही. कॉलनीची मागची बाजूही लिहा. पेनिसिलियममध्ये ती कधी पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलते.

मग सूक्ष्मदर्शक. स्लाइड-कल्चर करा, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या फांद्या मोडत नाहीत. अगारच्या चौकोनी तुकड्याच्या चारही कडांना बुरशी लावायची, वर कव्हरस्लिप ठेवायची, ओलसर डबीत तीन-चार दिवस, आणि तयार झालेली कव्हरस्लिप उचलून थेंबावर पालथी घालायची. रंगासाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू ठीक, पण मोजमाप लॅक्टिक आम्लात करा आणि सगळी मोजमापं एकाच द्रवात. पाण्यात मोजलेला बीजाणू आणि लॅक्टिक आम्लात मोजलेला बीजाणू यांत फरक पडतो आणि तो फरक मग 'नवं लक्षण' म्हणून छापला जातो.

१००० पट मोठं करून किमान ३०, शक्यतो ५० बीजाणू मोजा. सरळ '३ ते ५ मायक्रोमीटर' लिहू नका. बहुतेक कुठे पडतात ती मर्यादा, अपवादात्मक लहान-मोठे वेगळे, सरासरी, आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर द्या. पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे खास बघा. ट्रायकोडर्मा हार्झियानमचे बीजाणू गुळगुळीत असतात आणि व्हिरिडीचे खडबडीत. जैविक बुरशीनाशकाच्या पुड्यांवर वर्षानुवर्षं 'व्हिरिडी' छापलं गेलं त्यातल्या पुष्कळ बुरशा तपासल्यावर अॅस्परेलम निघाल्या. ही जात १९९९ मध्ये वेगळी वर्णिली गेली. डीएनएने शंका दाखवली आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली आधी दुर्लक्षिलेले बारकावे कामी आले.

फोटोंवर मोजपट्टीची रेघ हवीच. आणि शेवटी, कितीही सुंदर वर्णन असलं तरी, जवळच्या दोन-तीन जातींपेक्षा ही कशात वेगळी हे दोन-चार वाक्यांत स्पष्ट लिहा. परीक्षक आधी तेच वाचतात. आणखी एक: मोजमापं ताज्या कल्चरची घ्या. पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर हलवत गेलं की बुरशी बीजाणू देणं कमी करते, नुसती पांढरी लोकर उरते. वेगळी केल्याबरोबर १५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना काही कुप्या ठेवून द्या. शक्य असेल तर दुसऱ्या ठिकाणच्या मातीतून तीच बुरशी पुन्हा मिळवा. एकाच नमुन्यावरची जात नियमाला चालते, पण ती टिकेल याची खात्री कमी.

प्रश्न : नाव तोरणमाळवरून ठेवता येईल का? आणि स्वतःचं नाव? – शिक्षक, नंदुरबार

तोरणमाळवरून जरूर. ठिकाणावरून नाव करताना शेवटी 'एन्सिस' लागतं, पण जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. अॅस्परजिलस पुल्लिंगी, म्हणून 'तोरणमाळेन्सिस'. पेनिसिलियम, फ्युजॅरियम, ट्रायकोडर्मा नपुंसकलिंगी, म्हणून 'तोरणमाळेन्से'. इथे चूक झाली तरी नाव रद्द होत नाही, शेवट दुरुस्त केला जातो. पण छापून आल्यावर हसं होतं. स्वतःचं नाव देण्यावर नियमात बंदी नाही, मात्र जगभरच्या अभ्यासकांत ते शोभत नाही. दुसऱ्याचं द्या.

नाव वैध व्हायला काही गोष्टी लागतात आणि एक जरी राहिली तर नाव हवेत राहतं. वर्णन किंवा फरक सांगणारा मजकूर लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत हवा. १९३५ ते २०११ पर्यंत लॅटिन सक्तीचं होतं, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं. मराठीतलं वर्णन जोडीला खुशाल द्या, पण नियमाला ते पुरत नाही. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका ठिकाणी नोंदणी करून मिळालेला क्रमांक संशोधनपत्रात छापावाच लागतो. आणि टाइप नमुना कोणता, तो कुठे ठेवला, हे स्पष्ट लिहावं लागतं. वर्तमानपत्रात 'नंदुरबारच्या प्राध्यापकांनी शोधली नवी बुरशी' असं नावासकट आधी छापून आणलं तर त्या नावाला काही दर्जा मिळत नाही, उलट घोळ होतो. बातमी संशोधनपत्रानंतर द्या.

प्रश्न : टाइप नमुना म्हणून जिवंत प्लेट जमा केली तर? – धुळे

चालत नाही. जिवंत, वाढती कल्चर टाइप होऊ शकत नाही, कारण ती बदलत राहते. एक तर वाळवलेली कॉलनी हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात), नाहीतर चयापचय पूर्ण थांबलेल्या अवस्थेत कायम जपलेलं कल्चर, म्हणजे गोठवून वाळवलेलं किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेलं. कल्चर टाइप असेल तर ती अशा अवस्थेत जपली आहे हे वाक्य २०१९ पासून संशोधनपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. हे वाक्य विसरल्याने चांगली चांगली नावं अवैध ठरली आहेत. नुसता डीएनए क्रम टाइप म्हणून चालत नाही.

आपल्याला पुणं जवळ. आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर हर्बेरियम आहे आणि तिथेच राष्ट्रीय बुरशी कल्चर संग्रहही आहे. वाळवलेला नमुना पहिल्यात, जिवंत कल्चर दुसऱ्यात, असं दोन्ही करा आणि एक संच स्वतःच्या विद्यापीठातही ठेवा. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीचा नमुना नेमलेल्या भांडारात देणं बंधनकारकच आहे.

प्रश्न : यावल अभयारण्यातली माती घेऊ का? – विद्यार्थी, फैजपूर

वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही, मूठभर सुद्धा नाही. अर्ज महाविद्यालयामार्फत, जागेच्या नकाशासह करा आणि पावसाळ्याच्या बरंच आधी करा. खासगी शेतात मालकाची संमती पुरे. कल्चर परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचं असेल, तर पाकीट बांधण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आणि परवानगी बघा.

प्रश्न : मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी बुरशी) विकत आणतो. आमच्या ज्वारीच्या मुळांत असलेली तीच बुरशी नवी असू शकते का? – शिरपूर

असू शकते, पण हा वेगळा खेळ आहे. आर्बस्क्युलर मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय प्लेटवर वाढत नाही. माती पाण्यात घोळून एकाखाली एक चाळण्यांतून गाळायची आणि ५० मायक्रोमीटरच्या आसपासच्या चाळणीवर अडकलेले गोल बीजाणू कमी ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उचलायचे. नंतर ते निर्जंतुक वाळू-मातीच्या कुंडीत ज्वारी किंवा मक्याच्या मुळांवर वाढवायचे. तीन-चार महिने लागतात. ज्वारी यासाठी उत्तम, तेव्हा बी घरचंच वापरा.

प्रश्न : नवी ट्रायकोडर्मा सापडली तर पऱ्हाटीच्या मर रोगावर लगेच वापरता येईल का? – अमळनेर

नाही. नवी जात म्हणजे नवं औषध नव्हे. ती रोगाच्या बुरशीवर चालते का हे प्लेटवर, मग कुंडीत, मग शेतात निदान दोन-तीन हंगाम बघावं लागतं. विकायची असेल तर कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते. तोवर नोंदणीकृत पुडीच वापरा आणि लेबल वाचा. ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बीजाणू असायला हवेत आणि मुदत संपलेली नसावी. बियाण्याला किलोला ४ ते ५ ग्रॅम चोळा. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम लावलं असेल तर ट्रायकोडर्मा मरतो आणि दोन्हींचे पैसे पाण्यात जातात. जमिनीत द्यायची असेल तर ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग पाऊस पडून वाफसा आल्यावर टाका. भर उन्हात कोरड्या जमिनीवर फेकलेली पुडी म्हणजे फक्त पांढरी भुकटी.